पत्त्यांतला 'जॅक' आणि आपला गुलाम

मूळ प्रश्न
डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) या कादंबरीचा अनुवाद करताना मी आठव्या प्रकरणात अडले आहे. तिथे पत्ते खेळताना राणीखालच्या पानाला लोहाराच्या घरचा पिप 'जॅक' म्हणतो आणि 'नेव्ह' म्हणणारी एस्टेला त्यावरून त्याचा पाणउतारा करते. मराठीत दोन्हींना गुलामच म्हणतात, तर तिचा तोरा वाचकाला कसा जाणवावा?

प्रतिसाद १
'नेव्ह'साठी गुलाम अगदी चपखल आहे, कारण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मुलगा असा होता, पुढे तो चाकर झाला आणि शेवटी लबाड. अरबी 'गुलाम'ही मुळात मुलगाच. 'जॅक' मात्र जॉनचे घरगुती रूप. त्यावरून कोणीही सोम्यागोम्या, मग हरकाम्या, आणि त्याचे काम करणारी यंत्रे. गाडी उचलणारा जॅक त्यांतलाच. आपला 'गडी' चाकरही असतो आणि खेळाडूही, म्हणून पिपने 'गडी' म्हणावे.

प्रतिसाद २
'बदामचा गडी' असे कोण म्हणते? माझ्या आजोळी सगळे 'गुल्ला' म्हणत आणि शहरातली मामेभावंडे त्यावरून आम्हाला हसत. नेमका हाच प्रसंग आपल्याला हवा आहे.

प्रतिसाद ३
गुलाम काय, गुल्ला काय, दोन्ही परकेच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गोल पत्त्यांत, दहा रंगांची १२० पाने असून प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान अशी दोन चित्रपाने असतात. प्रधान हा घरचा शब्द सोडून आपण उसनवारी का करावी, हे मला खरोखर समजत नाही.

प्रतिसाद ४
प्रधान सल्ला देतो. हे पान चाकराचे आहे. फ्रेंचमध्ये त्याला 'व्हॅले', म्हणजे सेवक, म्हणतात आणि जर्मनमध्ये 'बूबे', म्हणजे मुलगा. शिवाय मोगल गंजिफ्यांत गुलाम हे एका रंगाचेच नाव आहे, तेव्हा तो शब्द आपल्या खेळांत इंग्रजी पत्त्यांसोबत आलेला नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये: पानांच्या कोपऱ्यांत अक्षरे छापू लागल्यावर नेव्हच्या (Kn) आणि राजाच्या (K) खुणांत गल्लत होई, म्हणून तिथे 'जॅक'चे अक्षर रूढ झाले. एस्टेलाने हिणवलेला शब्दच पुढे प्रमाण ठरला, आणि अनुवादकाने पिपच्या शब्दाला हास्यास्पद करू नये असे मला त्यामुळेच वाटते.

प्रतिसाद ५
'जॅकपॉट'ही इथलाच. पोकरच्या एका प्रकारात किमान गुलामांची जोडी हाती आल्याशिवाय डाव उघडता येत नाही. तोवर पैसा साठत राहतो. अमेरिकी बोलीत 'जॅक' म्हणजे पैसा आणि 'जॅक' म्हणजे काहीच नाही, असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या सागरगोट्यांसारख्या खेळालाही इंग्रजीत 'जॅक्स' म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. तूर्त 'गुल्ला' लिहिते. ती दोघे 'बेगर माय नेबर' खेळतात, त्याला 'भिकार-सावकार' म्हणता येईल ना?

प्रतिसाद २
नाही, ताई. त्या खेळात जॅक पडला की समोरच्याला एक पान भरावे लागते, राणीला दोन, राजाला तीन आणि एक्क्याला चार. आमच्या भिकार-सावकारात जोडीचे पान पडले की ढीग उचलायचा. गुलामाला तिथे वेगळा मान नाही.

प्रतिसाद ३
नाव तरी मराठी आहे, तेच ठेवावे.