पडद्यावरचा गुरू तुमची गिटार हातात घेत नाही

खर्जवाला_लष्कर:
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की फोन हातात असताना गिटारच्या क्लासला फी भरणं म्हणजे नळाला पाणी असताना टँकर मागवणं. टाळ्याही पडल्या. मी त्याच नळाचं पाणी आठ महिने प्यायलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

जी, सी, डी, ई मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर, पंधरा दिवसांत बसले. तारा छेडायचं डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप झोपेतही चालायचं. मग आला एफ. पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबायच्या. एक व्हिडिओवाला म्हणे अंगठा मानेच्या मागे ठेवा, दुसरा म्हणे कोपर अंगाशी घ्या, तिसरा म्हणे बोट जरा कुशीवर वळवा, चौथा म्हणे धीर धरा. सगळं केलं. तरी दुसरी तार ठप्प, लाकडावर टिचकी मारावी तशी. व्हिडिओचा वेग ०.७५ केला, मग ०.५ केला. पडद्यावरचा माणूस झिंगल्यासारखा बोलायला लागला, माझा एफ जिथल्या तिथे.

शेवटी आमच्या ग्वाल्हेरच्या बाडा चौकाच्या मागे वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गिटार वाजवलीसुद्धा नाही. मानेवर धातूच्या आडव्या कडा असतात ना, फ्रेट, त्यांतल्या बाराव्यावर स्टीलची पट्टी उभी धरली, तार किती उंच आहे ते बघायला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "चार मिलीमीटर. बेटा, इसपे तो मुझसे भी नहीं बजेगा." तारेची उंची अडीचच्या आत हवी होती. मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या नटच्या खाचा बारीक कानशीने उतरवल्या, खालच्या टोकाला तारा धरणाऱ्या ब्रिजमधली पट्टी खालून घासली. तासाभरात एफ वाजला. आठ महिने मी माझ्या तर्जनीला शिव्या घालत होतो, ती बिचारी निर्दोष!

व्हिडिओ सांगतो, ऐकत नाही. माझं म्हणणं एवढंच.

झिरो_पॉइंट_फाइव्ह:
दादा, नळ-टँकरवाला मीच. आणि तुमची गोष्ट तुमच्यावरच उलटते. तुम्हाला गुरू नको होता, कानस हवी होती.

मी मुरारच्या एका क्लासला चार महिने गेलोय, नाव घेत नाही. एका खोलीत नऊ मुलं, नऊ गिटारी, नऊ वेगळे सूर आणि सर फोनवर. माझी गिटार त्यांनी एकदाही हातात घेतली नाही. तारीख मात्र एक आली की सरांना माझं नाव आठवायचं. याउलट जस्टिन सँडरको नावाचा माणूस २००३ पासून इंटरनेटवर फुकट शिकवतोय, क्रम लावून. तोच धडा चाळीसदा लावला तरी तोंड वाकडं करत नाही.

तानपुरेवाल्या_आजी:
गिटारमधलं मला काही कळत नाही. पण हे ग्वाल्हेर आहे रे बाळांनो. इथले गवई कृष्णराव पंडित, त्यांनी १९१४ मध्ये गाण्याची शाळा काढली ती विद्यार्थी समोर बसावा म्हणून. माझे गुरुजी डोळे मिटून बसायचे. आम्ही सहा जणी गात असू. चुकलं की डोळे न उघडता नाव घ्यायचे, आणि बरोबर त्याच मुलीचं. फोन घेतो का असं नाव?

झिरो_पॉइंट_फाइव्ह:
आजी, नमस्कार. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १९१८ ला, याच गावात भातखंड्यांच्या पद्धतीचं माधव संगीत महाविद्यालय निघालं. गाणं कागदावर लिहायच्या त्यांच्या स्वरलिपीवर तेव्हाही घराणेदार मंडळींनी नाकं मुरडलीच होती. त्यांची क्रमिक पुस्तकं म्हणजे त्या काळचे व्हिडिओच की.

तानपुरेवाल्या_आजी:
पुस्तक वाचून गाणं येतं असं भातखंडे कधी म्हणाले? पुस्तक वर्गात उघडायचं, मास्तरांसमोर. अर्धंच वाचून वाद घालायची ही तुमची पिढी.

प्लाय_आणि_पितळ:
ते राहू द्या. खर्जवाले, मुळात चार मिलीमीटर झाली कशी? गिटार कूलरसमोर असते ना?

खर्जवाला_लष्कर:
असते. खोली एकच आहे, कूलरही एकच आहे. मे महिन्यात मी कूलरसमोर असतो, मग गिटारही तिथेच असणार.

प्लाय_आणि_पितळ:
झालं! कूलर म्हणजे ओली हवा. लाकूड पाणी पितं, पुढची पाटी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा चढतात. गुरू-व्हिडिओ सगळं बाजूला ठेवा, गुन्हेगार कूलरच्या गवताच्या जाळ्या आहेत.

हजिरा_४५_डिग्री:
अर्धं ज्ञान. कूलर नसता तर लूने, उन्हाळ्यातल्या कोरड्या गरम वाऱ्याने, तडकली असती. आमच्या काकांच्या गिटारला मे महिन्यात फ्रेटची टोकं बाहेर येतात. लाकूड आकसतं, धातू नाही. मान धरून हात सरकवला की तळव्याला कानस लागते. कूलर राहू द्या, फक्त समोरून हलवा. आणि वाजवून झालं की तारा सैल करा.

प्लाय_आणि_पितळ:
रोज सैल?? सहा स्टीलच्या तारांचा ताण मिळून ७० किलोच्या आसपास असतो आणि मान तो धरूनच बनवलेली असते, आत लोखंडी सळई त्यासाठीच आहे. रोज सैल-घट्ट करून खुंट्या झिजवायच्या का? शिवाय पाच हजारांची गिटार प्लायची, तिला लू काय आणि कूलर काय.

हजिरा_४५_डिग्री:
आत्ता तुम्हीच म्हणालात कूलरने फुगली. आता प्लायला काही होत नाही. एक काय ते ठरवा. की नुसतं व्हिडिओ बघून सुतारकाम सुरू केलंय?

प्लाय_आणि_पितळ:
सुतारकामच करतो साहेब. बावीस वर्षं. दारं-खिडक्या. प्लाय कमी फुगतो म्हणालो, पण मेभर थेट झोतात ठेवलात तर सांध्यातून तोही सुटतो. चुकीचं लिहिलं गेलं, घ्या.

हजिरा_४५_डिग्री:
सुतारकामावर बोलायला नको होतं. पण तारा मी सैलच ठेवणार.

मुरार_क्लासवाला:
वाचत होतो, आता राहवत नाही. नऊ मुलं एका खोलीत का? कारण खोलीचं भाडं नऊ मुलांचं आहे. पालक पहिल्या दिवशी विचारतात, वाढदिवसाचं गाणं किती दिवसांत येईल? तीन महिन्यांनी मूल गायब, आणि सहा महिन्यांनी परत येतं ते फोनवर शिकून, अंगठा मानेवरून बाहेर लोंबतोय, मनगट मोडल्यासारखं. ती खोड मोडायला माझे दोन महिने जातात, त्याची फी कुणी देत नाही. फोनवर बोलायचो ते पालकांशीच, "आज क्लास आहे का" एवढं विचारायला नऊ घरांतून फोन येतात.

गिटार हातात घेत नाही, हे मात्र लागलं. खरं आहे. सोमवारपासून पट्टी ठेवतो.

झिरो_पॉइंट_फाइव्ह:
सर, तुम्ही "ते" सर नसाल अशी आशा आहे. स्टीलचीच ठेवा, प्लास्टिकची कूलरसमोर वाकेल. आणि मान्य, अंगठा माझाही लोंबतो. व्हिडिओवाला कधी बोलला नाही.

खर्जवाला_लष्कर:
माझी गिटार आता आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे उभी आहे. आई विचारतेय, ही इथे कुणाच्या लग्नाची वाट बघतेय?

तानपुरेवाल्या_आजी:
झिरो पॉइंट फाइव्ह की काय ते तुझं नाव, रविवारी सकाळी ये. दौलतगंजात कुणालाही विचार, घर सांगतील. नुसता सा लावून दाखव. फोन बाहेर ठेवून.

झिरो_पॉइंट_फाइव्ह:
येतो आजी. ट्यूनरपुरता फोन आत आणला तर चालेल का?