मदत हवी आहे: बाळंतपणात जंतुनाशकाने पुसून घ्यावं का?

नमस्कार. मी नागपूरची, मानेवाड्याला राहते. लहान बहिणीला नववा लागलाय. पहिल्या वेळी घरच्यांनी बाळाच्या नाळेला तेल-हळद लावली होती. पाचव्या दिवशी नाभीभोवती लाल कडा आली, पू झाला, दूध ओढेना. आठ दिवस बाळ दवाखान्यात होतं. वाचलं, पण ती लाली अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता आईने डेटॉलची बाटली आणून ठेवली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, कळा सुरू झाल्या की क्लोरहेक्सिडीन नावाच्या जंतुनाशकाने योनिमार्ग पुसायला सांगा, बाळाला जंतुसंसर्ग होत नाही. मी वाचलं ते वेगळंच: ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस (आईच्या योनिमार्गातून बाळाला लागू शकणारे जंतू) टाळायला असं सरसकट पुसण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. आईत हे जंतू सापडले तर कळांच्या वेळी शिरेतून अँटिबायोटिक देतात. आणि नाळ? ती स्वच्छ, कोरडी ठेवायची. 4 टक्के क्लोरहेक्सिडीन फक्त जिथे नाळेला काहीबाही लावायची चाल आहे तिथे. आमच्याकडे तर आहेच ना ती!

इथे कुणी नर्सताई, आशाताई, डॉक्टर असतील तर सांगा. बहिणीने या जंतूंची तपासणी मागून घ्यावी का? नाळेचं औषध डॉक्टरांना आधीच विचारून ठेवू का? आणि आईला न दुखवता ती तेलाची वाटी बाजूला कशी ठेवायची? तारीख पंधरा दिवसांवर आहे.