हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर कराटेचा सराव

प्रश्न : जांघेतील हर्नियावर दुर्बिणीद्वारे जाळी बसवून माझी शस्त्रक्रिया नुकतीच झाली. चालताना त्रास होत नाही, मात्र गुडघा उंच उचलताच आत ओढ जाणवते. सराव कोणत्या क्रमाने सुरू करावा?

पहिले उत्तर : वरची जखम लवकर भरते, परंतु जाळीभोवती ऊती घट्ट होण्यास अनेक आठवडे लागतात, म्हणून बरे वाटते एवढ्यावरून लाथांकडे वळू नका. जड उचलणे साधारणतः ४ ते ६ आठवडे टाळण्यास सांगतात. तोवर रोज चाला, बद्धकोष्ठता होऊ देऊ नका आणि खोकताना जांघेवर तळहात दाबून धरा. शल्यचिकित्सकांच्या संमतीनंतर आधी सावकाश काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) करा. उंच लाथा त्यानंतर.

दुसरे उत्तर : मी ज्युदो शिकवतो. जोडीदाराला उचलून फेकताना श्वास रोखल्याने पोटातील दाब एकदम वाढतो, त्यामुळे पकडीचा सराव मी सर्वांत शेवटी ठेवतो. जोर लावताना श्वास सोडण्याची सवय आतापासूनच लावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरे उत्तर : जांघेत नवा फुगवटा, ताप किंवा वाढती वेदना जाणवल्यास सराव थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.