भाचीसाठी: वॉर्ड की कॅज्युअल्टी?
ताई, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या भाचीनं वॉर्ड धरावा की कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या रुग्णांचा विभाग, असं विचारलंत. मन घट्ट असेल तर कॅज्युअल्टीच. मी बेळगावात तेच काम करते. रात्री खानापूरकडून साप चावलेला माणूस येतो. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. डॉक्टर लगेच प्रतिविष सुरू करतात. तेवढ्या वेळात नातेवाइकांना धीर द्यायचा, कधी मराठीत, कधी कन्नडात. म्हणून कन्नड बोलायला आत्तापासून शिकू दे. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की बीएलएस, एसीएलएस हे तातडीनं जीव वाचवण्याचे कोर्स करून घ्या. आणि सुरुवातीला ड्युटीवरून येऊन ती रडली, तर ‘सोड नोकरी’ म्हणू नका. गरम जेवायला वाढा, झोपू द्या.