फिलिपिनो समाजात संस्कृती नेमकं काय काम करते? (पुस्तकी यादी नको, उदाहरणं हवीत)

ओंजळ

एम.ए. समाजशास्त्राच्या सेमिनारसाठी "संस्कृतीचा अर्थ आणि कार्ये" हा विषय एका देशाच्या आधारे मांडायचा आहे. फिलिपिन्स घेतलाय. अडचण अशी की जे हाती लागतंय त्यात तीच चार वाक्यं आहेत: संस्कृती ओळख देते, वर्तनाला वळण लावते, पिढ्या जोडते, समाज एकसंध ठेवते. खाली बांबूंवर अख्खं घर उचलून नेणाऱ्या माणसांचं चित्र, म्हणजे "बायानिहान". ही वाक्यं कुठल्याही देशाला चिकटवता येतील.

मला हवंय ते असं: एखादी प्रथा घ्यायची, ती कशी चालते, कोणाला काय द्यावं लागतं, ती नसती तर ते काम कोणी केलं असतं आणि ती कुठे फसते. जाणकारांनी कृपया तपशिलात लिहावं. पाहुणचार, हसरे लोक वगैरे नको.

खडीसाखर

मग मूल्यांपासून सुरुवातच करू नका, पैशापासून करा. बँक आणि विमा यांची कामं तिथे नात्यांवर कशी चालतात ते पाहिलं की "कार्य" हा शब्द आपोआप उलगडतो.

पालुवागान. आपल्या भिशीचीच ही सख्खी बहीण. दहा जण, प्रत्येकी १,००० पेसो, दर पंधरवड्याला. पगार बहुतेक ठिकाणी १५ आणि ३० तारखेला होतात, म्हणून हप्तेही त्याच तारखांना. दर खेपेला १०,००० एकाच्या हाती, पाच महिन्यांत चक्र पुरं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो किंवा गरज बघून. पहिल्या नंबराच्या माणसाला हे बिनव्याजी कर्ज असतं, शेवटच्याला सक्तीची बचत. कागद बहुतेक वेळा एका वहीपलीकडे नसतो. वसुलीची हमी म्हणजे "हिया", चारचौघांत तोंड दाखवायला जागा न उरण्याची भीती.

फसतं कुठे? लवकर रक्कम उचललेला माणूस हप्ते थांबवतो आणि फटका शेवटच्या दोघातिघांना बसतो. म्हणून मुरलेला आयोजक नवख्याला शेवटचे नंबर देतो आणि तूट पडली तर स्वतः भरतो. फेसबुकवरच्या अनोळखी लोकांच्या पालुवागानमध्ये हियाचा धाकच नसतो, त्यामुळे तिथे फसवणुकीचं पेव फुटलं आणि तिथल्या सिक्युरिटीज कमिशनला जाहीर इशारे द्यावे लागले. ओळखायची खूण सोपी: खऱ्या पालुवागानमध्ये कोणालाही भरल्यापेक्षा जास्त मिळत नाही. जिथे जास्तीचं आमिष आहे, ती दुसऱ्याच जातीची योजना.

लामाय, म्हणजे मयताचं जागरण. मृत्यूनंतर शव घरी किंवा भाड्याच्या चॅपेलमध्ये साधारण तीन ते सात दिवस ठेवतात. मुलगा आखातात किंवा जहाजावर असेल तर त्याची रजा आणि तिकीट होईपर्यंत आणखी. रात्रभर कोणीतरी जागं राहतं: कॉफी, बिस्किटं, कलिंगडाच्या बिया, पत्ते. येणारा पाकिटात "आबुलोय" देतो आणि कोणी किती दिलं हे बऱ्याच घरांत लिहून ठेवतात, कारण त्यांच्याकडे प्रसंग आला की तेवढं तरी परत जायला हवं. पत्त्यांच्या डावातलाही एक हिस्सा घरच्यांना मिळतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांची चौकट इथे फिट बसते. प्रकट कार्य: मृताला निरोप. सुप्त कार्य: अंत्यविधीचा खर्च वाटून घेणं आणि पांगलेलं कुटुंब एकत्र येणं. अपकार्य, म्हणजे प्रथेमुळे होणारं नुकसान, तेही ठळक आहे. गरीब घरं पुरेसा आबुलोय जमेना म्हणून लामाय लांबवतात आणि चॅपेलचं भाडं, खाणंपिणं दिवसागणिक वाढत जातं. त्यात "साकला" नावाचा पत्त्यांचा जुगार चालवणारे बाहेरून येऊन बस्तान मांडतात, घरच्यांना टक्का देतात. जुगार बेकायदेशीर आहे, पण मयताच्या घरी सहसा कोणी धाड घालत नाही.

दफनाने विषय संपत नाही. नऊ रात्रींची प्रार्थना, चाळिसावा दिवस आणि वर्षानंतर सुतक उतरवणं, असे टप्पे आहेत.

सारंग_दोनवात

वरच्या उत्तरात भर: निनोंग-निनांग, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता. बाप्तिस्म्याला चर्चचा नियम एक धर्मपिता, एक धर्ममाता किंवा दोघांपैकी एकच असा आहे (कॅनन ८७३). फिलिपिन्समध्ये प्रत्यक्षात दहा-वीस सहज असतात. मुलापेक्षा महत्त्वाचं असतं ते पालक आणि धर्मपालक यांच्यात तयार होणारं "कुंपारे-कुमारे" हे नातं. साहेब, दुकानदार, नगरसेवक यांना मुद्दाम बोलावतात ते त्यासाठी. पुढे नोकरीची चिठ्ठी, शाळेचा प्रवेश, इस्पितळाचं बिल, अशा वेळी हे दार ठोठावता येतं. लग्नाचंही तसंच. कायद्याला दोन सज्ञान साक्षीदार पुरतात, पण निमंत्रणपत्रिकेवर धर्मपालकांच्या जोड्यांची रांग असते.

बदल्यात निनोंगने ख्रिसमसला पाकीट द्यायचं. ज्याचे चाळीस "इनाआनाक" (धर्ममुलं) आहेत तो डिसेंबरात घरात सापडत नाही, हा तिथला नेहमीचा विनोद. राजकारण्याचं मात्र यात भलं होतं: शेकडो घरांत तो निनोंग, आणि उपकाराची फेड मतपेटीत.

जहाजावर फिलिपिनो क्रूबरोबर काम करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी उपयोगाचं: कोणाच्या मुलाचा निनोंग व्हायला "हो" म्हणणं हा तोंडदेखला होकार नसतो.

ओंजळ

दोघांनाही धन्यवाद, हेच हवं होतं. एक शंका. मार्गदर्शक म्हणतात "सामाजिक नियंत्रण" हे कार्य वेगळं दाखवा. हिया आणि "पाकिकिसामा" (जुळवून घेणं) यांच्यावर लिहू का? ते थोडं हवेतलं वाटतंय.

वकिली_बाणा

हवेतलं वाटत असेल तर बारांगायची (तिथला स्थानिक शासनाचा सर्वात लहान घटक) समेट पद्धत घ्या. कायद्याने बांधलेली असली तरी तिचं इंजिन संस्कृतीचंच आहे. १९७८ च्या अध्यादेशाने ती आली, १९९१ च्या स्थानिक शासन संहितेत गेली आणि आज देशातल्या सुमारे ४२,००० बारांगायांना लागू आहे.

क्रम असा. प्रत्येक बारांगायात प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली १० ते २० जणांची "लुपोन" असते. एकाच शहरात किंवा नगरपालिकेत राहणाऱ्या दोघांचं भांडण (उसनवारी, बांध, शिवीगाळ, किरकोळ मारहाण) थेट कोर्टात नेता येत नाही. आधी प्रमुखाकडे तक्रार. तो दोघांना समोरासमोर बसवतो, मुदत १५ दिवस. जमलं नाही तर लुपोनमधून तिघांचं मंडळ दोन्ही पक्ष मिळून निवडतात, एकमत नसेल तर चिठ्ठ्या. त्यांनाही १५ दिवस, फार तर आणखी १५. वकील आणायला बंदी, स्वतः यावं लागतं. समझोता झाला आणि १० दिवसांत फसवणूक, बळजबरी किंवा धमकीच्या कारणाने कोणी नाकारला नाही, तर तो कोर्टाच्या निकालाइतका पक्का. पहिले सहा महिने अंमलबजावणी लुपोन करते, त्यानंतर कोर्टात जावं लागतं. काहीच जमलं नाही तरच "आता दावा करा" असा दाखला मिळतो, आणि तो न जोडलेला दावा मुदतीआधीचा म्हणून फेटाळला जाऊ शकतो.

आता यात संस्कृती कुठे, ते बघा. निवाडा करणारे शेजारी आहेत, वयाने मोठे आहेत, कदाचित कोणाचे तरी कुंपारे. माफी मागणाऱ्याची पत राहते, अडून बसणाऱ्याची जाते. वकील आला की हे सगळं कोसळतं, म्हणूनच त्याला बाहेर ठेवलंय. (स्वतः वकील असून हे लिहितोय, नोंद घ्यावी.)

अपकार्य याच्याच पोटात आहे. जुळवून घेण्याचा दबाव दुर्बळावर जास्त पडतो. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला "घर मोडू नकोस" म्हणून परत पाठवायचे. २००४ च्या महिला व बालक हिंसाचारविरोधी कायद्याने अशा प्रकरणात तडजोड घडवायचा प्रयत्न करायलाच बारांगाय अधिकाऱ्यांना मनाई केली. तुमच्या सेमिनारला हे एक उदाहरण पुरेल: कार्य, अपकार्य आणि राज्याने मध्येच घातलेला बांध, तिन्ही एका जागी.

हिया आणि पाकिकिसामा यांवर लिहिणारच असाल तर एक सावधगिरी. ही "फिलिपिनो मूल्यांची" यादी मोठ्या प्रमाणात १९६० च्या दशकात फ्रँक लिंच यांच्यासारख्या अमेरिकन अभ्यासकांच्या लिखाणातून रूढ झाली. फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी सत्तरच्या दशकात तिच्यावर नेमका हल्ला केला: ही वरवरची वागणूक झाली, गाभ्याचं मूल्य "काप्वा", म्हणजे समोरच्यात स्वतःला पाहणं. दोघांना एकाच परिच्छेदात एकमताचे म्हणून उद्धृत करू नका, परीक्षक तिथेच पकडतील.

कातळशिल्प

वरचं सगळं उत्तम, पण एक भोक आहे. "फिलिपिनो संस्कृती" म्हणून तुम्ही सगळे सखल प्रदेशातली ख्रिस्ती, त्यातही बरीचशी तागालोग (मनिला परिसरातल्या भाषिक समूहाची) संस्कृती सांगताय. २०२० च्या जनगणनेत कॅथलिक ७८.८ टक्के आणि मुसलमान ६.४ टक्के होते. घटस्फोटाचं बघा: देशाच्या सर्वसाधारण कायद्यात तो नाही, पण मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली १९७७ पासून आहे. आदरार्थी "पो-ओपो" प्रत्येक लेखात असतं, पण सेबुआनो भाषेत ते मुळात नाही. वैद्यकीय शिक्षणाला दावावला (तिथेही सेबुआनोच चालते) जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना रस्त्यावर तेच ऐकू येत नाही म्हणून लोक उद्धट वाटायला नकोत. तिथे आदर "कुया" (दादा), "आते" (ताई) अशा नात्याच्या हाकांत आणि वडीलधाऱ्याचा हात कपाळाला लावण्यात असतो.

एक प्रकरण डोंगराळ उत्तरेतलं घ्या: इफुगाओ या डोंगरी समाजाची भाताची पायरीशेती. १९९५ ला जागतिक वारसा, २००१ ला धोक्यातल्या यादीत, २०१२ ला तिथून बाहेर. खाचरांच्या वर प्रत्येक घराण्याचं राखलेलं रान असतं, त्याला "मुयोंग" म्हणतात. ते पाणी धरून ठेवतं, लाकूड पुरवतं. कोणतं शेत आधी लावायचं हे विधीने ठरलेलं, त्यानंतर बाकीचे. वरवर कर्मकांड, पण सगळ्या उतारावर लावणी-कापणी एकाच सुमारास होते, पाण्याची भांडणं कमी होतात आणि उंदरांना वर्षभर चरायला पीक मिळत नाही. भात वर्षातून एकदाच घेतात. खाचरं बहुतेक थोरल्या अपत्याकडे जातात, कारण वाटे पडले तर बांध राखणं परवडणार नाही.

पेरणी-कापणीला आणि मयताच्या जागरणाला गायची ती "हुडहुड". मुख्य आवाज बहुधा एका वृद्ध स्त्रीचा, मागे बायकांचा ताफा. दोनशेहून अधिक कथा, प्रत्येकीचे चाळीसेक भाग. पूर्वजांची, रीतिभातीची आणि भातशेतीच्या महत्त्वाची आठवण तीत राहते.

बिघडतं कसं तेही लिहा. धाकट्यांना जमीन नाही म्हणून ते शहरात जातात, आणि आता शिकलेला थोरलाही जातो. दगडी बांध कोसळला की उचलायला माणसं नाहीत. "मुंबाकी" हे पुरोहित मोजके उरले, त्यामुळे लावणीचा सामाईक मुहूर्त ढिला पडला. खाचर कोरडं पडलं की मोठी गांडुळं बांध पोखरतात. वारशाची पाटी लावून यातलं काही परत येत नाही. पर्यटकांसाठी हुडहुड गाता येते, पण तिच्या तालावर कापणी करणारे हात त्यातून तयार होत नाहीत.

खडीसाखर

कातळशिल्प यांचा मुद्दा मान्य. ओंजळ, शीर्षकातच "सखल प्रदेश आणि इफुगाओ: दोन प्रकरणे" असं घाला, म्हणजे हा आक्षेप आधीच मिटेल.

राहिलं ते बायानिहानचं चित्र. काढू नका, पण त्याखाली दोन ओळी लिहा: घर झावळ्यांचं आणि बांबूचं असतं म्हणून उचलता येतं, आणि उचलणाऱ्यांना मजुरी नाही पण घरमालकाने जेवण घालायचं असतं. शेजारी एप्रिल २०२१ मधला केसोन सिटीतल्या मागिन्हावा रस्त्यावरचा सामुदायिक पँट्रीचा फोटो लावा: बांबूची गाडी, "ऐपतीप्रमाणे द्या, गरजेपुरतं घ्या" अशा अर्थाचा फलक. काही दिवसांत देशभर तशा पँट्र्या उभ्या राहिल्या आणि लगेच त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्काही मारला गेला. आदल्या वर्षी सरकारने स्वतःच्या कोविड कायद्याला "बायानिहान" हेच नाव दिलं होतं. एकच प्रथा सरकारने नावाला घेतली आणि लोकांनी केली तेव्हा तिच्यावर संशय घेतला. मार्गदर्शकांना चर्चेला मुद्दा हवा असेल तर हा द्या.