अनुभव धागा : "बाई, आमचं पोरगं हुशार आहे, पहिलीत बसवा की ओ"

ॲडमिशन सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षकांचं डोकं उठतं. कर्नाटकात पहिलीला १ जूनला ६ वर्षं पूर्ण पाहिजेत अशी ऑर्डर २०२२ ला निघाली, मग अंमल २०२५-२६ वर ढकलला, आणि त्या वर्षापुरती यूकेजी (पहिलीच्या आधीचा बालवर्ग) झालेल्यांना ५ वर्षं ५ महिन्यांची सूट मिळाली, त्यामुळं "शेजारच्याला घेतलासा, आमच्याला का नाही" हे ठरलेलंच. शिक्षकांनी लिहा, पालकांनी पण लिहा, भांडण चालेल.

सरकारी मराठी शाळा, खानापूर भाग –
आमच्याकडं हा प्रश्न रोपलावणीला येतो. आई-बाप, आजी सगळी चिखलात, पाच वर्षांचं पोर ठेवायचं कुठं? अंगणवाडी वाडीपासून लांब, मध्ये ओढा. मोठी बहीण आमच्या तिसरीत, मग हे तिचा फ्रॉक धरून येतं. आई म्हणते, "नाव घालू नकासा, नुसतं बसू दे की ओ बाई." नाव घालायचं म्हटलं तरी एसएटीएसमध्ये (मुलांच्या नोंदीचं सरकारी ऑनलाइन पोर्टल) जन्मतारीख भरावी लागतेच, तिथं माझं काय चालणार. पण पावसात त्याला परत कसं पाठवू? बसतंय, दुपारी दप्तरावर डोकं ठेवून झोपतंय. ह्या आईला 'शालेय तयारी'वर लेक्चर द्यायची माझी तरी हिंमत होत नाही.

यूकेजी टीचर, बेळगाव शहर –
माझ्याकडं उलटं. एक वडील मोबाईलवर व्हिडिओ घेऊनच आले, मुलगा वीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणतोय. "इंटरव्ह्यू घ्या मॅडम, सगळं येतंय." म्हटलं, २००९ च्या आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला बंदी आहे, तुमची पण घेता येत नाही. मग त्यांना डब्याच्या सुट्टीत खिडकीशी उभं केलं. मुलानं डबा काढला, झाकणाची एक क्लिप उघडली, दुसरी निघेना, तर डबा पुढं धरून नुसता बसला. आयाबाईंना हाक नाही, शेजारच्याला सांगणं नाही, रडणं पण नाही. बाकीच्यांचं अर्धं खाऊन झालं तरी तसाच. वडील म्हणाले, "घरी आई भरवते." मी काही बोलले नाही, त्यांनीच व्हिडिओ बंद केला.

पालक, निपाणी –
टीचर, तुमचं पटतंय, पण आमचं पण ऐका. मुलगी ऑगस्टची. माझ्या बहिणीचा मुलगा कागलला, तो पण ऑगस्टचाच, तो पहिलीत बसला कारण महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत ६ पूर्ण झाले तर चालतात. आमची इकडं अडकली. दिवाळीला दोघं एकत्र आले की सासूबाई विचारणार, ही मागं का पडली? काय सांगू, मध्ये बॉर्डर आली म्हणून?

कन्नड माध्यमाची शाळा, बेळगाव तालुका –
एक वेगळंच सांगते. घरी मराठी बोलणारी मुलगी आमच्याकडं आली, महिनाभर तोंड उघडलं नाही. वर्गातल्या बाई म्हणाल्या, तयार नाही, वर्षभर थांबवा. आई रडकुंडीला आली. मग एकदा स्वयंपाकघराच्या पायरीवर ही पोरगी आमच्या मराठी आयाबाईंबरोबर चिंचोके मोजत बसलेली, तीसपर्यंत न चुकता, आणि मावशी चुकल्या तर त्यांना रागवत पण होती! थांबवायची गरजच नव्हती, कन्नड कानावर पडायला वेळ हवा होता. मुलगी गप्प आहे म्हणून पालकांना बोलवायच्या आधी तिच्या भाषेत कुणीतरी बोलून बघा ओ.

निवृत्त गुरुजी, येळ्ळूरकडचे –
आमच्या वेळी डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरता आला की भरती. जन्मतारीख माहीत नसली की हेडमास्तर १ जून घालायचे, अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. आता सगळं त्याच १ जूनवर अडलंय, गंमत आहे!

यूकेजी टीचर –
निपाणीच्या ताई, सासूबाईंना जन्मतारीख आणि नियम दोन्ही दाखवा, आणि ह्या वर्षी तिला पाढे नकोत. चप्पल स्वतः घालू दे, बाटलीचं झाकण लावू दे, शू आली तर परक्या माणसाला सांगता आलं पाहिजे. मे महिन्यात एवढं करा.

पालक, निपाणी –
करते. पण यूकेजीची आणखी एका वर्षाची फी कोण भरणार ते पण सांगा की!