थंडीतील प्रतिकारशक्ती आणि खानदेशातून येणारी पिशवी

विषय: थंडीसाठी गावाकडून मागवायच्या वस्तू
प्रेषक: लेस्टर (ब्रिटन) येथील सभासद (माहेर चोपडा, जि. जळगाव)

सर्व सभासदांस सादर नमस्कार.

दिवाळीनंतर माझा भाऊ चोपड्याहून इकडे येत असून त्याच्या सामानात थोडी जागा शिल्लक आहे. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आणि बिबडे (ज्वारीचे पापड) दरवर्षीप्रमाणे येतीलच. परंतु गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांचा खोकला महिनाभर हटला नव्हता, म्हणून प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीच्या गोळ्या, काढ्याची तयार पूड आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या सर्वांसाठी एकदमच मागवाव्यात, असे काही जणींनी सुचवले आहे. शिवाय परतताना आई-नानांसाठी इथल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या भावाबरोबर द्याव्यात का, हाही माझा प्रश्न आहे. नानांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, ते रक्तदाबाची गोळी घेतात आणि थंडीत रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसतात. डॉक्टरकाका सध्या फैजपूरला आहेत. त्यांनी सवडीने ही यादी नजरेखालून घालावी, ही विनंती.

---

प्रेषक: डॉक्टरकाका, मुक्काम फैजपूर

ताईंस व सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार.

पीठ आणि बिबडे अवश्य मागवा. औषधांच्या तिन्ही वस्तूंवर मात्र मी काट मारीन, आणि हा प्रश्न दर कार्तिकात निघत असल्यामुळे त्याची कारणे जरा विस्ताराने लिहितो.

करोनाच्या साथीत गुळवेलीचा खप अतोनात वाढला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी पाहिले आणि २०२१ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळखच नीट पटवली गेली नव्हती, असा आक्षेप घेऊन आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. तो वाद बाजूला ठेवला, तरी ज्या गोष्टीने मुलांची सर्दी टळते असे कोणी दाखवून दिलेले नाही, ती त्यांना महिनोन्महिने देण्याचे कारण मला दिसत नाही. तयार काढ्यांत बहुधा ज्येष्ठमध असते, आणि ते रोज घेतल्यास शरीरातील पोटॅशियम उतरते व रक्तदाब चढतो. तेव्हा तो काढा नानांनाही देऊ नये. आले, तुळस आणि गवती चहा घालून घरी उकळलेल्या पाण्याला माझी काहीच हरकत नाही, त्याने घसा शेकला जातो. एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध द्यावा. त्याहून लहान बाळाला मात्र बोट बुडवूनही चाटवू नये, कारण मधातील जिवाणूंमुळे बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आता पुड्यांविषयी. भारतात मिळणारी ड जीवनसत्त्वाची पुडी ६०,००० युनिटांची असते आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, साधारणतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये प्रौढांना हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटे, घेण्याची शिफारस आहे आणि रोज ४,००० युनिटांच्या वर जाऊ नये, असे सांगितले जाते. एका पुडीत तुमची १५० दिवसांची मात्रा असते. ती कोणी रोजची गोळी समजून घेऊ लागला, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतते. ४०० युनिटांची गोळी तिकडच्या कोणत्याही दुकानात स्वस्त मिळते, तीच घ्यावी. आपल्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी ती बाराही महिने घेण्याचा विचार करावा, असा तिथला सल्ला आहे. तिने सर्दी टळेल, अशी आशा मात्र ठेवू नका. २०१७ मध्ये अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा श्वसनसंसर्गात थोडा फायदा दिसला होता. पुढे मोठ्या चाचण्यांची भर पडल्यावर तो जवळपास पुसला गेला. ती गोळी हाडांसाठी आणि स्नायूंसाठी घ्यायची.

नानांचा प्रश्न निराळा आहे. डिसेंबरच्या अखेरीस लेस्टरला भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे चौपट पडते, आणि इतक्या तिरप्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. त्याच दिवशी चोपड्याला दुपारची सावली जेमतेम उंचीएवढी असते. म्हणजे ऊन मुबलक आहे, प्रश्न ते अंगाला लागण्याचा आहे. आमच्या आळीत सकाळी सात-साडेसातला ओट्या-ओट्यांवर जी मंडळी बसलेली दिसतात, त्यांनी कानटोपी, मफलर, स्वेटर आणि वरून घोंगडी असा जामानिमा केलेला असतो, उघडे असते ते फक्त नाक. त्या उन्हाने ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. नानांनी अकरा ते एकच्या दरम्यान बाह्या आणि धोतर वर सारून वीस-पंचवीस मिनिटे बसावे. वयानुसार त्वचेची क्षमता घटते, म्हणून एकदा जळगावला रक्त तपासून घ्यावे आणि उणीव निघाल्यासच तिथल्या डॉक्टरांनी औषध ठरवावे.

त्यांना तुम्ही खरोखर काही द्यायचे असेल, तर फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीचा खर्च द्या. प्रौढांसाठीच्या या लशी आपल्याकडे राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाहीत. त्या बहुधा खासगी दवाखान्यात विकत घ्याव्या लागतात आणि म्हणूनच राहून जातात. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. त्यामुळे नानांनी फ्लूची लस दरवर्षी मे महिन्यात घ्यावी, यंदा राहिली असल्यास आता घ्यावी. तुम्ही ती ऑक्टोबरात घ्या. लस टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात.

मुलांच्या खोकल्याबद्दल एवढेच, की बालवाडीतील मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे यात प्रतिकारशक्तीचा दोष नसतो, आणि एका सर्दीचा खोकला तीन आठवडे टिकू शकतो. दोन सर्द्या लागोपाठ आल्या, की महिना सहज भरतो. धाप लागत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर मात्र थांबू नये.

झोपेकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. अमेरिकेत २००९ मध्ये १५३ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. त्यात सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. रात्री एकपर्यंत गावाकडच्या नातलगांशी व्हिडिओवर बोलत बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेऊन सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, प्रौढांत ती सुमारे ८ टक्क्यांनी लवकर आवरते, इतकेच.

खाण्याच्या बाबतीत आपला हिवाळा मुळातच शहाणा आहे. ज्वारी आणि उडीद यांचे कळणे, कांद्याची पात व शेंगदाणे घातलेले भरीत, मेथी, तीळ यांतून प्रथिने, लोह आणि जस्त मिळते, आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाला यापलीकडे पावडर लागत नाही. फक्त वांगी भाजण्यासाठी काड्यांचा जाळ करायचा तो शेतात किंवा अंगणात. बंद पडवीतल्या धुराने म्हाताऱ्यांच्या छातीचे जे होते, ते मी दर थंडीत पाहतो.

---

प्रेषक: लेस्टर येथील सभासद

काका, मनःपूर्वक आभार. गुळवेल, काढा आणि पुड्या यादीतून काढल्या आहेत. एक शंका राहिली: थंडीत केळी खाल्ल्याने कफ होतो, म्हणून आई नानांना दिवाळीपासून होळीपर्यंत केळे देत नाही. हे योग्य आहे काय?

---

प्रेषक: डॉक्टरकाका, मुक्काम फैजपूर

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बसून याचे उत्तर देताना मी पक्षपाती ठरेन, तरी लिहितो. सर्दी विषाणूमुळे होते, केळ्याने नाही. थंडीचा त्रास उलट केळीलाच होतो: पारा १३ अंशांच्या खाली राहिला, की सालीखालचा चीक गोठतो, साल काळवंडते आणि व्यापारी भाव पाडतो. नानांना मधुमेह नसेल आणि मूत्रपिंडे ठीक असतील, तर दुपारच्या जेवणाबरोबर एक केळे खुशाल द्यावे. फ्रिजमधले गार केळे दाताला झोंबते, म्हणून ते बाहेरच ठेवावे.

संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी सभागृह घेताना खिडक्या उघडता येतात का, हे कार्यकारिणीने आधी पाहून घ्यावे, आणि खोकणाऱ्या सभासदाने त्या दिवशी तिळगूळ वाटण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.